बिनखळीची कुंडी

"सूनबाई, ही कुंडी हाय का भिजल्यालं मांजार?"

बजबळे ड्रायव्हरांनी हातातली वस्तू आमच्या ओट्यावर ठेवली आणि ती ठेवल्या ठेवल्या एका अंगाला बसली. लोकरीची कुंडी, आत ओली माती, मातीत डाळिंबाचं वीतभर रोप. मी ती दोन्ही हातांनी उभी केली. हात काढले तशी पुन्हा बसली.

"धा दिल्या हुत्या न्हवं नमुन्याला? धाच्या धा अशाच. कोरड्या हायत तवर ताठ, पाणी घातलं की मांडी घालून बसत्यात."

तीस वर्षं एसटी चालवून ते त्याच साली घरी बसले होते. इंजिनावर आवाज चढवून बोलायची सवय मात्र गेली नव्हती, त्यामुळे आमच्या ओट्यावरचं बोलणं चावडीपर्यंत ऐकू जायचं. गावावरच्या माळाला त्यांची मुरमाड जमीन होती. तिथे चारशे डाळिंबं लावायची त्यांनी ठरवली होती, आणि ती आमच्या कुंड्यांतूनच लावायची, असं सगळ्या गावाला सांगूनही बसले होते.

"मामा आले की बघतील," मी म्हटलं.

"कवा येणार आण्णा?"

"मेंढरं कातरायला लागलीत. लोकर घेऊन पाच-सहा दिवसांनी येतील."

"पाच-सहा दिस कोण थांबतंय? परवा कलमाच्या गुट्या उतरवायच्या हायत. झाडावरनं कापून आणल्या की तवाच मातीत पायजेत, न्हायतर वाळून जात्यात. मला परवा चारशे कुंड्या पायजेत, आन् उभ्या ऱ्हाणाऱ्या पायजेत. जमत नसंल तर तसं सांग. काळ्या पिशव्या काय, कुठंबी मिळत्यात."

"जमतंय," मी म्हणून बसले.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. आमचं गाव आटपाडीच्या अलीकडे, जिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहाही न घेता निघून जातो. आम्ही सनगर, घोंगडी विणणारे. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणायची आणि गाव सिदूआण्णा म्हणायचं, ते बाराव्या वर्षी मागावर बसले ते चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत उठले नव्हते. चैत्रात बिरोबाची यात्रा भरते, तेव्हा देवाच्या बैठकीखाली जे घोंगडं घालतात ते दरसाल मामांच्या मागावरचं असायचं. धनगर दुसऱ्या कुणाचं घेत नसत. मामांना दुसरं काही मिळालं नाही आयुष्यात, पण एवढं मिळालं होतं, आणि तेवढ्यावर ते खूश होते.

पण वर्षाला एका घोंगड्यावर घर चालत नाही. बाकी घोंगडी कुणाला नकोशी झाली होती. धनगर मेंढरं कातरायचे आणि लोकर ओढ्यात टाकून द्यायचे. माझे यजमान मोहन इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला होते. तिथे त्यांनी एक खोली बघून ठेवली होती आणि दिवाळीनंतर घर बंद करून सगळ्यांनी तिकडे यायचं, असा त्यांचा हट्ट होता. मामा म्हणायचे, "मला जाळा आन् मग माग उचला." म्हणजे मी जायचं आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला रिकाम्या घरात मागाबरोबर सोडायचं. ते माझ्याच्यानं होणार नव्हतं. सासू मी घरात आल्यावर दोनच वर्षांत गेली होती. मला चपातीपासून पिंजणापर्यंत जे काही येत होतं ते या माणसानं शिकवलेलं होतं, माझ्या बापानं नाही. आणि खरं सांगायचं तर ती इचलकरंजीची खोलीही मला नको होती.

त्यातून ही कुंडी निघाली. मामा घोंगड्याबरोबर बुरणूसही करायचे. लोकर पिंजायची, चटईवर थरांनी पसरायची, पाणी शिंपडून गुंडाळी करायची आणि तासभर पायांनी मळायची, की जाड लोकरी थर तयार होतो. असा एक फाटका बुरणूस घरामागे पडून राहिला होता. मामांनी तो एकदा उचलला आणि मला हाक मारली. खाली गवत पांढरं पडून मेलेलं होतं.

"बघ. हरळीबी गेली. जी खुरप्याला दाद देत न्हाय ती."

मी तेव्हा बुरणुसाच्या तुकड्यांचे द्रोण करून त्यात मिरचीची रोपं लावायची, कारण पत्र्याचे डबे मिळत नव्हते. दोघांच्या डोक्यात एकदमच आलं. बुरणुसाचा गोल कापायचा, एका बाजूनं मध्यापर्यंत चीर द्यायची, चार चुण्या घालून सगळं एका लोकरीच्या दोऱ्यानं द्रोणासारखं शिवायचं. त्यात रोप वाढवायचं. लावताना दोरा ओढायचा, की कुंडी उलगडून सपाट होते. मुळ्यांना धक्का नाही, पिशवी फाडणं नाही. मग तोच गोल आळ्यात रोपाच्या बुडाभोवती घालायचा. त्याखाली तण उगवत नाही, खुरपणी नको, आणि दोन-तीन वर्षांत लोकर कुजून झाडाच्याच पोटात जाते.

"आधी कुंडी, मग पांघरूण," मामा म्हणाले होते, आणि स्वतःच हसले होते.

पहिली कुंडी शिवली तेव्हाच मी विचारलं होतं, "मामा, खळ लावूया का? ताठ राहील."

"खळ न्हाय."

"का?"

"भुईत जायाची वस्तू हाय. भुईला खळ दावायची न्हाय."

खळ म्हणजे चिंचोक्याची. ती लावल्याशिवाय घोंगड्याला अंग येत नाही. आमच्या घरात एक रीत होती, खळीचं घोंगडं रात्री जमिनीवर ठेवायचं नाही, वलणीवरच टाकायचं. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. सासू म्हणायची, देवाची बैठक होते ती, तिला मान असतो. मामांच्या अशा मानापानाच्या गोष्टी पुष्कळ होत्या. माग ओलांडायचा नाही, तिन्हीसांजेला धोटा कुणाला द्यायचा नाही. खळीचंही त्यातलंच, असं मी धरून चालले. कारागीर माणसं रीत सांगतात, कारण सांगत नाहीत, आणि आपण विचारत नाही.

तर ड्रायव्हर गेले आणि मी माजघरात रचून ठेवलेल्या चारशे कुंड्यांकडे बघत बसले. चार महिन्यांचं काम होतं ते. लोकर मामांनी मळलेली, टाके माझे. या चारशे गेल्या आणि माळावर दिसल्या, तर आसपासचे बागाईतदार येणार, काम चालू राहणार, आणि मोहनना सांगायला माझ्याकडे काहीतरी असणार. या गेल्या नाहीत तर दिवाळीनंतर ट्रंक भरायची.

मी चिंचोके भाजले. सालं काढली, भिजत घातले, दुसऱ्या दिवशी पहाटेच वाटून मोठ्या कढईत शिजवले. पातळच लावायची, मी मनाशी म्हटलं. दोन महिने पाणी पडेल तेवढ्यात धुऊन जाईल. मामांना कळायचंही कारण नाही. खळ लावायचा कुंचा खुंटीवरून काढला आणि दिवसभर एकेक कुंडी आतून-बाहेरून सारवून अंगणात मांडली. वैशाखाचं ऊन. संध्याकाळी टिचकी मारली तर पत्र्यासारखी वाजत होती.

ड्रायव्हर टेम्पो घेऊन आले. एका कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले. कुंडी हलली नाही.

"आता कशी शिपाई झाली. काय केलंस?"

"टाका दाट घेतला," मी म्हटलं.

खोटं बोलणं एकदा सुरू झालं की पुढचं आपोआप जमतं.

मामा चौथ्या दिवशी लोकरीची गाठोडी घेऊन आले. पाय धुतले, पाणी प्याले, माजघरात डोकावले.

"गेल्या कुंड्या?"

"गेल्या. पसंत पडल्या त्यांना."

"बेस झालं."

मग ते खुंटीपाशी गेले. कुंचा मी चांगला धुऊन टांगला होता, पण केस वर करून. मामा नेहमी केस खाली करून टांगायचे, पाणी दांड्यात मुरू नये म्हणून. त्यांनी तो उतरवला, नीट करून पुन्हा टांगला. फडताळातलं चिंचोक्याचं गाठोडं हातानं उचलून बघितलं.

"हलकं लागतंय."

"उंदरांनी नेले असतील."

"उंदीर वाढल्यात," ते म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले.

मला वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माळावर जाऊन आले. मी विचारलं, कसं आहे सगळं? "भरल्यात चारशे," एवढंच म्हणाले आणि कितीतरी वेळ मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसते बसून राहिले. धोट्याला हात लावला नाही.

श्रावणात लागवड झाली. इतका आनंदाचा दिवस माझ्या वाट्याला त्याआधी आला नव्हता. माळावर चारशे आळी, ठिबकच्या नळ्या पसरलेल्या, आणि ड्रायव्हर एसटीत घंटी मारल्यासारखे ओरडत होते, "दोरा वढा." दोरा ओढला की कुंडी फुलासारखी उघडायची आणि मुळ्यांचा गड्डा जसाच्या तसा हातात यायचा. शेजारच्या गावांतले दोन बागाईतदार मुद्दाम बघायला आले होते. त्यातले एक म्हणाले, पुढच्या साली आमच्या पाचशे धरा. मोहन नागपंचमीला आले होते, तेही माळावर आले. परत जाताना म्हणाले, "दिवाळीला नको मग. बघू पुढं." मी तोंड फिरवून डोळे पुसले. मामा मात्र एकेका आळ्यापाशी खाली बसून बुरणुसाची कड उचलून बघत होते आणि पुन्हा ठेवत होते. मला वाटलं, केलेलं काम बघून घेत आहेत. म्हातारी माणसं बघतातच.

त्या श्रावणात त्यांनी सोमवार धरले. माळापलीकडच्या टेकडीवर महादेव आहे, तिथे सकाळी चालत जायचे ते दिवेलागणीला यायचे. जाताना कडुलिंबाचा पाला वाटून फडक्यात बांधून न्यायचे. मी विचारलं तर म्हणाले, गुडघ्याला लावतो. श्रावण संपला तरी सोमवार संपेनात.

"मामा, श्रावण गेला की," मी एकदा चिडवलं.

"देवाला म्हैना कळतोय व्हय?"

नखांत माती असायची. टेकडी चढताना हात टेकावे लागत असतील, असं मी धरलं.

पौषातल्या एका दुपारी ड्रायव्हर आले. बरोबर ते दोघे बागाईतदार होते. ड्रायव्हरांच्या हातात वाळलेलं डाळिंबाचं झाड होतं, हातभर वाढलेलं, मुळासकट उपटलेलं. ते त्यांनी अंगणात टाकलं. त्याच्या बुंध्याभोवतीचा बुरणुसाचा गोलही टाकला, उलटा. खालच्या बाजूला मातीच्या नळ्यांचं जाळं झालं होतं आणि त्यातून पांढरी वाळवी चालत होती. झाडाची साल बुडापाशी सगळीकडून खाल्लेली होती.

मी भाकऱ्या थापत होते. तशीच पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिले.

"पावणेदोनशे गेली, आण्णा," ड्रायव्हर म्हणाले. त्या दिवशी त्यांचा आवाज अगदी खाली होता. "माळावर वाळवी हाय, मला म्हाईत हाय. पर शेजारच्या बागंत एक झाड न्हाय गेलं. हितंच का? ह्या लोकरीला काय लावलं हुतं?"

मामा खाली बसले. त्यांनी बुरणुसाची कड दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली. मला त्या क्षणी कळलं. मान नव्हे. वाळवी. खळीचं घोंगडं आम्ही जमिनीवर ठेवत नव्हतो ते खळीला वाळवी लागते म्हणून. तीन पिढ्या वाळवीसाठी ते वलणीवर टाकत होत्या, आणि मी त्याला देवाचा मान समजत होते.

"खळ हाय," मामा म्हणाले.

"कुणी लावली?"

"मी."

ड्रायव्हरांनी मामांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत मामांकडे.

"तुमी?"

"कुंड्या बसत हुत्या. म्हणलं लावू, ताठ ऱ्हातील. म्हातारपणी हात चुकला. बुद्धी चुकली म्हणा." ते त्या दोघा बागाईतदारांकडे वळले. "तुमच्या कुंड्या सून करंल. माझा हात लागायचा न्हाय त्यांना. तिनं खळ लावलेली न्हाय, तिचा हात सोच्छ हाय."

माझ्या हाताचं पीठ वाळत चाललं होतं. बोलायला एक शब्द पुरला असता. मी बोलले नाही. मी घाबरले होते, आणि घाबरले होते कशाला, तर काम जाईल म्हणून, इचलकरंजी येईल म्हणून, आणि सगळ्यांसमोर मामांना खोटं पाडायचं कसं म्हणून. हे शेवटचं कारण मी नंतर शोधलं. त्या वेळी नुसती घाबरले होते.

ड्रायव्हरांनी वाळलेलं झाड पुन्हा उचललं. मग म्हणाले, "साठ वर्षं केलीसा तुमी ही कामं, आण्णा."

"व्हय," मामा म्हणाले. "साठ वर्षं."

गावाला एवढं पुरेसं असतं. आठ दिवसांत सगळीकडे झालं. कुणाचं काही फसलं की लोक म्हणायला लागले, सिदूआण्णाची खळ लागली वाटतं. मामा पारावरून जात असले तरी म्हणायचे. मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण पारावर बसायचे ते बंद झाले. माघात ते ओट्यावर बसून स्वतःच कुंड्या शिवायला लागले, बिनखळीच्या. कुणासाठी, असं मी विचारलं. "हाताला चाळा," म्हणाले. सोमवारी जायचे तेव्हा कधी गाठोडंही न्यायचे पाठीवर. मी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते, त्यामुळे फार विचारत नव्हते.

चैत्र आला. यात्रेच्या आधी पंधरा दिवस बिरोबाचा पुजारी घोंगड्यासाठी यायचा, त्याप्रमाणे आला. ओट्यावर बसला, चहा घेतला, मेंढरांचं बोलला, पावसाचं बोलला. मागावर काळं घोंगडं तयार होतं, नुसतं उतरवायचं राहिलं होतं. उठताना तो म्हणाला, "आण्णा, आवंदा तुमाला तरास नको म्हणलं. हात थकल्यात तुमचं. आवंदा दुसरीकडनं सांगितलंय."

मामा म्हणाले, "बेस केलं."

त्याला दारापर्यंत पोचवून आले आणि मागापाशी उभे राहिले. मी चुलीपुढे होते. पुजारी अजून वेशीपर्यंतही गेला नसेल. धावत गेले असते तर गाठला असता. पायरीपर्यंत गेलेही. तिथून परत आले आणि भात उतरवला.

ते घोंगडं त्यांनी मागावरून काढलंच नाही.

वैशाखात एका रविवारी, दिवे लावायच्या वेळी, ते ओट्यावर बसले होते. मी पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी तो घेतला, पण लगेच तोंडाला लावला नाही. माझ्याकडे बघत राहिले. मीही उभी राहिले. मामा, ती खळ, एवढंच म्हणायचं होतं. त्यांचं तोंड इतकं शांत होतं की म्हणता आलं असतं.

"अजून पाणी हवं का?" मी विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले. "झालं."

त्याच आठवड्यात ते गेले. सकाळी उठलेच नाहीत. आधीच बोलून ठेवल्याप्रमाणे आम्ही आधी त्यांना पोचवलं आणि मग माग उचलला. ते काळं घोंगडं मी त्यांच्यावर घातलं.

मला इचलकरंजीला जावं लागलं नाही. त्या दोघा बागाईतदारांनी खरंच माझ्याकडून कुंड्या घेतल्या, कारण माझा हात स्वच्छ होता. त्यांचं बघून आणखी लोक आले. आता माझ्या अंगणात नऊ बायका बुरणूस मळतात, धनगर लोकर ओढ्यात टाकत नाहीत, माझ्या दारात आणून देतात. या भागात कुंडीला नावच पडलंय, बिनखळीची कुंडी. पाणी घातलं की ती अजूनही बसते, म्हणून लोक एकीला एक टेकवून मांडतात. घेणारा प्रत्येक जण टिचकी मारतो आणि हसत विचारतो, बिनखळीचीच ना? मी म्हणते, हो. पंधरा वर्षं म्हणतेय.

गेल्या महिन्यात बजबळे ड्रायव्हरांचा निरोप आला, तीनशे कुंड्या पाठव. त्यांची बाग म्हातारी झाली होती, ती काढून नवी लावायची होती. मी स्वतःच टेम्पोबरोबर गेले. ड्रायव्हर आता शहात्तरचे, गुडघे गेलेले. बागेच्या तोंडाशी बाज टाकून बसले होते. त्यांनी एक कुंडी हातात घेतली, टिचकी मारली.

"बिनखळीची न्हवं?"

ज्या माणसाची पावणेदोनशे झाडं मी मारली तोच हे विचारत होता. या वेळी मला हो म्हणता येईना. मी बाजेच्या पायाशी जमिनीवर बसले.

"काका, ती खळ मामांनी लावली नव्हती. मी लावली होती."

त्यांनी कुंडी खाली ठेवली.

"ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? बसल्याल्या कुंड्या मी तुझ्या ओट्यावर आणून ठेवल्या तवा म्हातारा मेंढरांमागं हुता. ताठ झाल्याल्या मी घिऊन गेलो तवाबी मेंढरांमागंच हुता. मी ड्रायव्हर माणूस, पोरी. कोण कवा कुठं हुतं, एवढंच ध्यानात ठेवत आलो जल्मभर."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तोंड उघडणारच हुतो. पर त्यानं असं बघितलं माझ्याकडं. आता त्यो माणूस आपलं नाव तुझ्यावर पांघराय निघाला हुता, आन् मी ते वढून घेऊ? झाडांचं वाईट वाटलं, न्हाय कसं. पर उरली ती त्याच्यामुळंच. श्रावणापासनं दर सोमवारी यायचा. एकेक गोल उचलायचा, खालची माती खरवडायचा, लिंबाचा पाला चोळायचा. मला म्हणायचा, ही पांघरुणं काढू या का? मीच म्हणायचो, आण्णा, तण किती दबलंय बघा की, कशाला काढताय. का काढायची, ते काय त्यानं सांगितलं न्हाय."

"टेकडीवर जातो म्हणायचे."

"कसली टेकडी? आन् मेलेल्या जागी माघात नवी झाडं लावली, तीबी त्यानंच. स्वतः शिवल्याल्या कुंड्यांतनं. ही मधली वळ सगळी त्याची." त्यांनी हातानं दाखवली. जुनी, जाड बुंध्याची झाडं होती. ती अजून काढायची राहिली होती.

मी तिकडे बघत राहिले. ड्रायव्हर हळू आवाजात म्हणाले, "त्याला तरी सांगितलंस का कवा?"

मी मान हलवली. नाही.

"त्यो वाट बघत हुता, पोरी. मी एकदा म्हणलं बी, आण्णा, तुमीच इचारा की तिला. तर म्हणला, इचारून काढून घेतल्यालं काय उपेगाचं न्हाय. तिच्या तोंडानं आलं पायजे, म्हंजी ती मोकळी हुईल. रोज वाट बघायचा. शेवटच्या सोमवारी आला तवा खुशीत हुता. म्हणला, काल पाणी देताना थांबली हुती, अगदी ओठावर आलं हुतं तिच्या. आता सांगंल. आज न्हाय तर उद्या."

टेम्पोवाला घाई करत होता. मी उठले आणि कुंड्या उतरवायला लागले.

मामांनी हे म्हटलं तो सोमवार होता. मामा बुधवारी गेले. मधे अख्खा मंगळवार होता, आणि मंगळवारी मी दिवसभर घरीच होते.